लाडू नसलेली शाळा

सोलापूर, ४ फेब्रुवारी

ती. महानंदाआत्यास,
श्रीदेवीचा सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि मुद्दा राहून जातो, म्हणून पत्र. रोज हळिवाचा लाडू दिला तर मुलांचं रक्त वाढतं का आणि वाचन-गणित सुधारतं का, हे आम्ही अक्कलकोट तालुक्यातल्या शाळांत तपासतो आहोत. चिठ्ठ्या टाकून निम्म्या शाळांना यंदा लाडू दिले. उरलेल्यांना, म्हणजे तुम्ही खिचडी शिजवता त्या शाळेलाही, पुढच्या वर्षी मिळतील. तोपर्यंत तुलनेसाठी त्यांना वेगळं काही द्यायचं नव्हतं.

तरी तुमच्या मुलांचं रक्त लाडूच्या शाळांइतकंच वाढलं आहे. रक्त मोजायचं मशीन तपासलं, ते ठीक आहे. आनंद झाला असं लिहीत नाही, कारण असं का झालं ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर कळवा.

माया आहे तशीच ठेवा.
श्रीदेवी

हिरेवस्ती, १० फेब्रुवारी

चि. श्रीदेवीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुसिद्धप्पा गुरुजींच्या समोर फोडलं. ते कोरा फळा पुसत बसले. त्यांना बी माहीत होतं, हे तुला आता कळलंच.

पलीकडच्या वस्तीतल्या शाळेत लाडू, आमच्यात न्हाय. मधे एक ओढा. भावकी एक, जत्रेची पंगत एक. पंगतीत एकाला वाढायचं आन शेजारच्याला बघत बसवायचं, असला पंक्तिप्रपंच मला कुटला जमतोय? हळीव मी आणला, गूळ पोरांच्या आयांनी दिला. वाणी रामहरी सारखा विचारतोय, तुमच्यात बाळंत झालंय तरी कोण. मी म्हटलं, अख्खी चौथी.

पोरं गणितात लई पुढं गेल्यात, ते बी लिहून घे की. पण आता आमच्या शाळेचे पुढच्या वर्षीचे लाडू गेले का? तेवढ्यानं झोप न्हाय. लपवता येत असलं तर बघ.

रागावलीस तरी पत्र धाड.
तुझी आत्या, महानंदा

सोलापूर, १९ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

लपवता येत नाही. तुम्ही माझ्या आत्या, म्हणून तर अजिबातच नाही. काल बैठकीत सगळं सांगितलं, नातंसुद्धा. ही शाळा अभ्यासातून वगळावी असं बहुतेकांचं मत पडलं. वगळली असती तर पुढच्या वर्षीचे लाडूही गेले असते. मी म्हटलं, चिठ्ठीत शाळा ज्या गटात निघाली त्याच गटात ती शेवटपर्यंत मोजायची, हा नियम आपण आधीच ठरवला आहे. गैरसोयीची शाळा काढायची तर चिठ्ठ्या टाकल्या कशाला?

ते मान्य झालं. तुमची शाळा राहिली, लाडूही राहिले. दोन गटांतला फरक आता थोडा कमी दिसेल, तो तसाच छापू.

पंक्तिप्रपंच म्हणजे काय, हे मला अभ्यासाच्या प्रमुख, पुण्याच्या मॅडमना समजावून सांगावं लागलं. त्यांनी तो शब्द वहीत लिहून घेतला. मग म्हणाल्या, पुढच्या अभ्यासात एका पंगतीला जेवणाऱ्या वस्त्या एकाच गटात घालायच्या. हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं.

पुढच्या वर्षीचे लाडू मात्र आमच्या मापाचे, रोज एकच. तुमच्या मुठीचे नाहीत. मी तपासायला येणार आहे.

रागावले नाही, हे पत्रावरून कळावं.
श्रीदेवी

हिरेवस्ती, २५ फेब्रुवारी

चि. श्रीदेवीस आशीर्वाद.

गुरुजींनी तुझं पत्र वर्गात वाचलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कशाला ते त्यांना बी माहीत न्हाय.

मापाचाच देईन, एकच देईन. गुरुजींची साक्ष घे. फक्त तू तपासायला आलीस की तुला दोन, माझ्या मुठीचे. तू कुटल्याच गटात न्हाईस.

वाट बघत,
आत्या