गेथिन ओव्हरकोट

पोर्ट टॅलबट,
१३ मार्च १९५५

ती. नेस्टताईस,
गेथिनचा सा. न. वि. वि.

वेल्सचा कालचा रग्बीचा सामना रेडिओवर ऐकला असशीलच. रेडिओवर आलं नाही ते सांगतो. खेळ रंगायच्या आतच प्रॉसरचा खांदा निखळला आणि त्याला उचलून बाहेर नेलं. जागा माझी, बूट बांधून मी बाकावर तयार. पण एकदा सामना सुरू झाला की बदली खेळाडू नाही, हा नियम! आपले चौदाजण धावत राहिले आणि मी ओव्हरकोट घालून बघत बसलो. मागून बाबा ओरडले की, पोराला उतरवा, पुतळा म्हणून बसवलाय का? सगळे हसले. मला रडू आलं.

तीन वर्षं मी राखीवच. दुसऱ्याला ताप यावा म्हणून वाट बघायची, याची लाज वाटते गं. तिकडे उत्तर इंग्लंडातल्या, यॉर्कशायरच्या क्लबाचा माणूस परत येऊन गेला. तिथे खेळायचा पगार देतात. काय करू ते कळव.

तुझा वैतागलेला भाऊ,
गेथिन


ट्रेवेन,
१५ मार्च

चि. गेथिन यास,
अनेक आशीर्वाद.

गावात गेथिन तिघे, म्हणून ज्याच्या त्याच्या धंद्यावरून नावं पडली. एक गेथिन पाव, एक गेथिन कोळसा, आणि तू गेथिन ओव्हरकोट! परवा चॅपलबाहेर मिसेस बेवननी विचारलं की, कोटाला इस्त्री केली का? मी म्हटलं, तुमच्या ह्यांना संघात बोलावलं असतं तर ते त्या कोटात मावले तरी असते का? आठवडाभर बोलणार नाहीत आता.

पण उत्तरेचं नाव काढू नकोस. पैसे घेऊन खेळायची सही केलीस की वेल्सची लाल जर्सी जन्मात मिळायची नाही, आणि गावच्या क्लबाचं दारही बंद. इद्रिसमामा तिकडे खेळून आले, तेव्हा बाबांनीच त्यांना क्लबाच्या दारातून परत पाठवलं होतं, सख्ख्या मेव्हण्याला! पॅरिसच्या सामन्याचा संघ शुक्रवारी सांगणार आहेत. तेवढा दम धर, बाबा रे.

तुझी,
नेस्टताई


पोर्ट टॅलबट,
१६ मार्च

ती. ताईस, सा. न.

तुझं पत्र आज आलं, सही मी काल केली. निवड समितीतले एक गृहस्थ भेटले होते. म्हणाले की, पॅरिसला गारठा असतो, तुझा तो कोट आण हो. म्हणजे पुन्हा बाकच! माझं डोकंच फिरलं. तसाच उठून त्या यॉर्कशायरवाल्याच्या हॉटेलात गेलो.

बाबांना तूच सांग. माझी हिंमत होत नाही.

गेथिन


ट्रेवेन,
१८ मार्च

चि. गेथिन,

सकाळी बाबांना सांगितलं. ते शेगडीत कोळसे घालत राहिले. संध्याकाळी रेडिओवर संघ वाचला. पंधरांत तुझं नाव आहे, गाढवा! त्या गृहस्थांनी तुझी थट्टा केली होती रे. सारं गाव तुला त्याच नावाने चिडवतं, आणि तुला तेवढंही कळू नये?

नाव ऐकून मीही आनंदाने ओरडले, मग तुझी सही आठवली. तोवर रस्ता माणसांनी भरला. खाणीतून आलेले लोक काळ्या तोंडांनी तसेच दारात उभे राहून गायला लागले. मिसेस बेवन केक घेऊन आल्या. मी बाबांच्या कानात म्हटलं की, आता सांगून टाका. ते म्हणाले, आज गाऊ दे त्यांना, उद्या सांगू. आणि दारात उभं राहून ज्याचा त्याचा हात हातात घेत, हो, माझाच पोरगा, असं सांगत राहिले.

आत्ता लिहिताना त्यांना विचारलं की, पत्रात तुमचा आशीर्वाद लिहू ना? म्हणाले, तेही उद्या विचार.

नेस्ट