चिखलात बसून घेतलेला शॉट

मुर्री, २८ जुलै

आई,

तुम्हांला जय भीम. पत्र वाचून दाखवणाऱ्या संबोधीला तिच्या आईची पापी.

मी बरी आहे, जेवण गरम मिळतं. कॅमेऱ्याच्या वर्गात आता एकमेकींच्या शॉटवर बोलावं लागतं. काल खुशबूने धानाच्या रोवणीच्या बायांचा शॉट दाखवला. गोंदिया शहरातली हुशार पोरगी, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या.

ती म्हणाली, "काकी, तुम्ही काऊन चूप? सच बोलो ना."

भीत भीत म्हटलं, "पोरी, तू वर, बांधाच्या धुऱ्यावर उभी राहून घेतलंस. मालक पाहते तसं दिसून राहिलं, नुसत्या पाठी. खाली चिखलात बस."

तिचं तोंड उतरलं. मला रात्रभर वाईट वाटलं. पण आज सकाळी ती नव्या जीन्ससकट बांधीच्या चिखलात बसली!

पडद्यावर बायांचे चेहरे दिसले आणि त्यांच्यामागे, आभाळाला टेकलेला, रोवायच्या पऱ्ह्याची पेंढी फेकणारा माणूस. रोवताना मी वर पाहायची तेव्हा संबोधीचे बाबा असेच दिसायचे. ते जाऊन चार वर्षं झाली. शिकवणाऱ्या मॅडमना म्हटलं, पुन्हा एकदा लावा.

लोक म्हणत होते, विधवा सुनेला कायले पाठवता. तुम्ही काही न बोलता माझी पिशवी भरलीत. म्हणून हे पाहायला मिळालं.

गुडघा कसा आहे? देवरीकडे रोवणी सुरू असेल, तुम्ही जाऊ नका.

तो शॉट मी खुशबूकडून मागून घेतला आहे. तुम्हीही रोवताना संबोधीच्या बाबांना तसं खालून कधी पाहिलं असेल. आल्यावर दोघी पाहू.

तुमची सून,
अल्का