ढोलीतला पंप

भूमेश्वरी बेटी,

रिंकीच्या छातीत अजून सूं-सूं वाजते का? माहेरी गेल्यापासून फोनवर तू "बरी आहे" म्हणते अन् लगेच ठेवते. माहं कशातच मन लागून नाही राहिलं. चूल पेटवली का तिची धाप आठवते.

डॉक्टरनं दम लागल्यावर द्यायचा मास्कवाला पंप देला, तवा मले वाटलं, दीड वर्षाच्या नातीले याची सवय लागंल, जन्मभर सुटायची नाही. माह्या लेकरायले मी गोवरीच्या जळत्या आरावर ओवा टाकून धुरी देत होती. तू आंघोळीले गेली, तवा रिंकीलेही देली. तिचा दम आणखीच वाढला. तू ओल्या केसांनी धावत आली, पंप शोधून राहिली, अन् मी म्हटलं, "मले काय मालूम?"

दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, "सर्दीनं श्वासनळ्या सुजल्या होत्या, धुरानं आवळल्या. पंपाची सवय लागत नसते. वेळेवर का नाही दिला?" तू रडत म्हणाली, "माझ्याच हातून हरवला." माहा दुर्गेश सगळ्याइसमोर आपल्या बायकोवर, तुह्यावर ओरडला. मी बाजूलेच उभी होती.

पंप हरवला नव्हता, बेटी. मीच तो धान साठवायच्या ढोलीत खुपसला होता.

दुर्गेश आता तुह्या माहेरी, केशोरीले निघून राहिला. पंप त्याच्या हाती देला. पलंगाखाली सापडला, असं सांगतलं.

ही चिठ्ठीही देणार होती. पण तो गाडी सुरू करून राहिला, अन् मी तीही खुपसाले ढोलीचं झाकण उघडून उभी आहे.

तुही सासू,
मुन्नीबाई