एका शिंगाचा बैल

मानोरा, शनिवार

भागिरथा,
तुले सप्रेम जयभीम. मी बरा आहो. खोकला खडूचा आहे, काळजी करू नको. मायचे गुडघे कसे आहेत?

शाळेत नवा कल्पकतेचा तास माह्याच गळ्यात पडला. आठवीच्या पोराईले म्हटलं, मनानं काहीबी काढा. तर म्हणे, "सर, आधी तुमी काढून दाखवा." थकलो होतो. फळ्यावर बैल काढला, खडू तुटला, एकच शिंग राह्यलं. साऱ्या वर्गानं एकाच शिंगाचे बैल काढले. घरी बैलजोडी असलेल्या पोराईनंबी!

हेडमास्तर विचारून राह्यले, हायस्कुलात हा तास ठेवावा का? काय सांगू? मले वाटते, आठवीत लय उशीर होते.

आपल्या लहानग्या विशाखाले भिंत काळी केली म्हणून रागावू नको. कोळशानं भिंतीवर काढलेल्या बकरीले पाच पाय काहून, मागं घरी आलो तवा विचारलं तर म्हणे, "पळून राह्यली ना, बाबा!"

भिंती सारवशीन तवा तेवढी बकरी राहू दे.

तुहा,
देवमन