डावं फूल

आबा, आज मी देवीच्या अंगावरचं फूल अंगठ्यानं दाबून धरलं. तुमच्या मागं पूजा माझ्याकडं आली, तेव्हापासून असं कधी केलं नव्हतं. सकाळी उचगावच्या सासू-सुना आल्या. सुनेच्या कडेवर चार वर्षांची मुलगी, ओठ जांभळे पडलेले. काळजाला भोक आहे, कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी ऑपरेशनला दुपारची वेळ दिलेली. पण सासूचा हेका एकच, "देवीनं उजवा कौल दिला तरच पोरीला चिरू देनार. न्हायतर घरला न्हेनार." सून माझ्या हातांकडं बघत राहिली.

तगरीची दोन फुलं भिजवून मी देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवली. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. बराच वेळ काहीच हललं नाही. मग डावं सुटायला लागलं. "हार सरकलाय," म्हणत मी पुढं झाले.

तुमचा तो जुना आवाज तेव्हाच कानात आला. मी नववीत आहे. मैत्रिणीच्या लग्नाचा कौल आहे आणि तिला ते स्थळ नकोय. ओलं फूल उशिरा सुटतं, म्हणून मी उजवं चिंब भिजवते. तुम्ही चारचौघांत ते काढता, निथळवून पुन्हा लावता. "तुला कुनी इचारलंय? आपन फूल लावायचं. बोलायचं तिनं." उजवं पडतं. वर्षाच्या आत मैत्रीण अंगावर वळ घेऊन माहेरी येते. ती देवळात आली की तुम्ही समई पुसायला घ्यायचात, हे मी पाहिलंय. तरी एकदाही चुकलो म्हणाला नाहीत. तो राग माझ्या मनातून गेलेला नाही, आबा.

आज उजवं पडलं. सासूनं देवीची ओटी भरली, माझ्या पाया पडली आणि रिक्षा दवाखान्याकडं गेली. मुलीला एक वाजता आत नेलंय. चार वाजत आले, फोन नाही. मुलगी वाचली तर सासू देवीला साडी नेसवेल. काही बरंवाईट झालं तर देवीनं फसवलं म्हणून माझ्यासमोर रडेल. दोन्ही वेळा मी गप्पच बसणार. मला भीती वाटतेय. तरी पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा अंगठा ठेवीन.

सभामंडपात तुमचा फोटो आहे, त्याच्यामागं हे पत्र ठेवायचं ठरवलं होतं. उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. तिथं ठेवलं तर देवी वाचेल, आबा, आणि पोरगी अजून आत आहे.