लीलामावशींच्या गोळ्या

१ मार्च, रवि.
आज चर्चमध्ये साक्षीच्या वेळी, देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, लीलामावशी उभ्या राहिल्या. नात्यातल्या नाहीत, चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर बसतात, एकट्याच राहतात. म्हणाल्या, "सुनीतानं डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आन् माही शुगर गेली. गोळ्या मी कचऱ्यात टाकून देल्या." सगळीकडे हालेलुया. बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या.
मी मान खाली घातली, अगदी नम्रपणे. आत गुदगुल्या होत होत्या. गोळ्यांचं उशिरा डोक्यात शिरलं. शुगरच्या गोळ्या, कचऱ्यात!

२ मार्च
लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, चहा सोडला, निंदा सोडली. 'पवित्रतेत वाढते आहे' असं मागच्या आठवड्यात इथेच लिहिलंय. वाचून लाज वाटली.
मावशींच्या डोक्यावर हात ठेवला त्या दिवशी मी काय बोलले होते? "प्रभू, तू मावशींना बरं केलंस म्हणून धन्यवाद." आमच्यात असंच बोलतात, मिळायच्या आधीच आभार. विश्वासाची रीत ती. मावशींनी तोच लॅबचा रिपोर्ट समजला.

४ मार्च, बुध.
ह्यांना सांगितलं. बुटीबोरीहून ड्युटी करून आलेले, बूट काढता काढता म्हणाले, "मंग जाऊन सांग ना वं, गोळ्या घ्या म्हणून. त्यात काय?"
त्यात काय! म्हणे. लोक म्हणतील हिचा विश्वास कमी पडला. म्हणतील प्रार्थना खोटी. मग मला प्रार्थनेला घरोघर कोण बोलावणार...
हे लिहून थांबले. म्हणजे मला भीती ह्याची आहे. मावशींच्या जिवाची नंतर.

६ मार्च, शुक्र.
बायकांची उपवास-प्रार्थना, मनीषनगरला. ली.मा. आल्या होत्या. पायाच्या अंगठ्याला चिंधी. "चप्पल लागली वं. जखम सुकूनच नाही राहिली." पाणी तांब्यावर तांब्या पीत होत्या. मला सगळं कळत होतं आणि एवढ्या बायकांत तोंड उघडेना. शेवटी बायका म्हणाल्या, सुनीताताई, समारोपाची प्रार्थना तुम्हीच करा. केली. फार छान झाली म्हणे. देवा, किळस आली मला माझी.

७ मार्च, शनि.
चर्चच्या पाळकसाहेबांना फोन केला. "आजच्या आज गोळ्या सुरू करायला सांगा. डॉक्टरही देवानंच दिलेत." सोपं वाटलं ऐकताना.
संध्याकाळी ली.मा.कडे गेले. पलंगावर पडल्या होत्या, तोंड सुकलेलं. म्हटलं, मावशी, चला, आत्ता दवाखान्यात जाऊ. हसल्या. "काहून? माही परीक्षा घेऊन राहिली का?" म्हटलं, मी आभार मानले ते आशेनं, शुगर गेली हे मला कुठे माहीत होतं. उठून बसल्या. मग म्हणाल्या, "मी चारचौघांत सांगतलं. तूही उद्या चारचौघांत सांग. मंग घेतो गोळी."
हो म्हणून आले. ओढून न्यायला हवं होतं का? त्यांचा मुलगा पुण्याला. त्याला फोन लावला तर म्हणतो, "काकू, आई माझं कुठं ऐकते, तुमचंच ऐकते."
जेवण गेलं नाही.

८ मार्च, रवि. सकाळ
प्रार्थनेला बसले, शब्दच नाहीत. एरवी मी थांबत नाही. 'दया कर' एवढंच येतंय. माझ्यावर की त्यांच्यावर, तेही कळत नाही.
काय बोलायचं ते कागदावर लिहून पाहिलं. प्रत्येक वेळी मीच चांगली दिसते त्यात. फाडलं.
मावशींना बरोबर न्यावं म्हणून फोन लावला. रिंग जाते, उचलत नाहीत. परत लावला. हे म्हणतात, "आंघोळीला गेल्या असतील." खाली स्कूटर सुरू करून उभे आहेत.
चर्च राहू दे. साक्षही राहू दे. आधी आम्ही त्यांच्या घरी जातोय. परत लावते आहे, उचला हो मावशी