पहिल्या हाकेला ओ नाही

बाई, आज दुकानात एका गिऱ्हाईक बाईंनी माझं कौतुक केलं आणि मला तुमची ती उशी आठवली. खुर्चीवरची, जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची, मधोमध हिरवं इरकल लावलेली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पिकले, आणि मी त्या उशीवरून अजून जळते. कुणाला सांगितलं तर हसतील, म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही आता हसलात तरी मला दिसणार नाही.

सांगलीतली आपली ती पेजरची कचेरी आठवते ना? पहिल्या मजल्यावरची खोली, मशीनला उकाडा सोसत नाही म्हणून लावलेला एसी, आणि भर उन्हाळ्यात स्वेटर घालून फोन घेणाऱ्या आपण. साताऱ्याहून मी नवी आले होते, मावशीकडे राहून नोकरी करत होते. माझ्या शेजारच्या खुर्चीवर ती पलूसची. आमच्या दोघींवर तुम्ही, ट्रंककॉलच्या जमान्यापासून कानाला रिसीव्हर लावून बसलेल्या. लोक फोन करून सांगायचे, अमक्याच्या पेजरवर एवढं लिहा. आपण इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचो, आणि तिकडे कुणाच्या तरी कमरेवर तो डबा किणकिणायचा. सांगणारा खरा कोण, हे कुणी विचारायचं नाही. विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

मग माधवनगरच्या त्या डॉक्टरीणबाईंचं झालं. लेकीच्या लग्नाचा शालू घेऊन त्या घरी आल्या आणि दुसऱ्याच दिवशी पेजरवर दुकानाच्या नावाने निरोप: शालूवर डाग राहिलाय, माणूस पाठवतो, त्याच्याकडे द्या, बदलून देतो. स्कूटरवरून एक सभ्य गृहस्थ आला, शालू घेऊन नमस्कार करून गेला. दुकानाने असा निरोप धाडलाच नव्हता. बाई कचेरीत येऊन रडल्या, दुकानदार येऊन ओरडला, आणि तुम्ही दोघांना पाणी दिलंत. ते गेल्यावर आम्हाला म्हणालात, "फोनवर माणसाचा आवाज तरी ओळखू येतो गं. पेजरला आवाज कुठला? आपण लिहिलं म्हणून त्यांनी खरं मानलं." त्या दिवशी तुम्ही जेवणाचा डबा उघडलाच नाहीत.

खुणेची कल्पना माझी होती, बाई. हे तुम्ही विसरला असाल, मी नाही. मीच म्हटलं की प्रत्येक दुकानदाराने आपल्याला एक शब्द द्यावा, आणि त्याच्या नावाने कुणी निरोप सांगायला लागलं की आपण आधी तो शब्द विचारावा. तुम्ही चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलंत. "डोकं आहे हो पोरीला," असं म्हणालात आणि तुमच्या डब्यातलं अर्धं थालीपीठ माझ्या झाकणात ठेवलंत. ती पलूसची तेव्हा फोनवर होती, तिला ऐकू गेलं नसेल म्हणून मी तिला नंतर मुद्दाम सांगितलं. दुकानदार एकेक करून जिना चढून आले, तुमच्या कानात शब्द सांगून गेले, आणि तुम्ही ते आम्हा दोघींच्या वहीत उतरवलेत. दिवाळीनंतर तुम्ही पुण्याला मुलाकडे जाणार होतात आणि तुमची खुर्ची आम्हा दोघींपैकी एकीला मिळणार होती. ती मलाच, असं मी धरूनच चालले होते. साताऱ्याला आईला तसं कळवूनही टाकलं होतं.

आता ती दुपार. फोन माझ्याच मशीनवर येतो. "सराफ बोलतोय. खूण कवठ. साताऱ्याच्या सुभेदारांना लिहा, ठुशीची कडी सैल आहे, माणूस पाठवलाय, त्याच्याकडे द्यावी, उद्या संध्याकाळी परत." फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, दोन ट्रक चालवायला दिलेले, म्हणून कमरेला पेजर. मुलीचं लग्न तोंडावर आलेलं. कवठ हीच सराफांची खूण. मी टाइप करायला घेते आणि ही पलूसची माझं मनगट धरते.

"थांब गं जरा."

"अगं, खूण बरोबर आहे त्यांची."

"असंना का. आमच्यात तिन्हीसांज झाली की दारातनं कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देत न्हाईत. आवाज घरच्याचा असला तरी न्हाई. दुसऱ्यांदा हाक आली तरच माणूस म्हणायचं."

मला हसू आलं. एसीत बसून ही भुताखेतांच्या गोष्टी सांगतेय! तोवर तिने माझ्या हातातला रिसीव्हर घेतलासुद्धा. "सराफ, तुमी ठेवा फोन. आमीच दुकानात लावतो." पलीकडून फोन आपटला गेला. तिने दुकानाचा नंबर फिरवला. सराफ जेवून गादीवर आडवे झाले होते. "कुठली ठुशी?" असं त्यांनी जांभई देत विचारलं.

मग सुभेदारांच्या घरी साताऱ्याला फोन. तेव्हा तुम्ही आमच्या मागे येऊन उभ्या होतात. सुभेदारांचा आवाज रिसीव्हरबाहेर ऐकू येत होता. "आवं ताई, एक जण मोटरसायकलवर येऊन ओसरीवर बसलाय की! म्हनतोय, तुमच्या पेजरवर आत्ता निरोप येईल बघा. पोरीनं ठुशी डब्यातनं काढून हातात घेतलीया." तुम्ही रिसीव्हर ओढून घेतलात आणि ओरडलात, "देऊ नका! ती आत ठेवा!" त्याआधी मी तुमचा चढलेला आवाज कधी ऐकला नव्हता. तो माणूस मोटरसायकल तिथेच टाकून उसातून पळाला, हे आम्हाला नंतर कळलं. सुभेदार पेढे घेऊन आले. पेढ्यांचा पुडा त्यांनी तिच्या हातात दिला.

आणि कवठ बाहेर कसं फुटलं? सराफांनीच फोडलं. चहाच्या गाड्यावर, न्हाव्याकडे, गिऱ्हाइकांसमोर, जिथे तिथे ऐटीत सांगत सुटले होते, "आमचं कवठ म्हटल्याबिगर पेजर हालत न्हाई गड्या!" सगळ्या पेठेला तोंडपाठ. आपल्याला खूण असणं ही त्यांना घराण्याची शोभा वाटली. यात माझा काय दोष, सांगा. तुम्ही मात्र मला जवळ बसवून म्हणालात, "तुझी खूण चांगलीच होती गं. पण माणसांना मिरवायला आवडतं, हे तू धरलं नाहीस." तुम्ही मायेने बोललात हे मला आज कळतं, आजही ते तितकंच झोंबतं. दुसऱ्या दिवशी भिंतीवर तुमच्या अक्षरात कागद लागला: कुणी वस्तू द्यायला सांगितली, तर आधी आपण उलटा फोन करायचा. पहिल्या हाकेला ओ नाही. माझी खूण बंद झाली. दिवाळीनंतर तुम्ही गेलात, तेव्हा खुर्ची तिची झाली, आणि खुर्चीवर तुम्ही तुमची उशी ठेवून गेलात. खुर्चीचं मी समजू शकले. उशी कशाला, बाई? उशी तुम्ही घरी नेली असती तर काय बिघडलं असतं?

पुढे मोबाइल आले, पेजर गेले, कचेरीला कुलूप लागलं. मी लग्न होऊन साताऱ्यात साड्यांच्या दुकानात बसते. आता आमच्याच दुकानाच्या नावाने लोकांना मेसेज येतात, तुम्हाला पैठणी लागली, इथे बोट दाबा. म्हणून मी दारातच मोठ्या अक्षरात पाटी लावली आहे: आमच्या नावाने काहीही आलं तरी आधी दुकानाच्या नंबरवर फोन करा. आज त्या बाई म्हणाल्या, "काय डोकं चालतं हो तुमचं!" मी हसले, साडीची घडी घातली, आणि हे डोकं त्या पलूसच्या पोरीचं आहे असं काही म्हटलं नाही. फार तर कधीतरी म्हणते, आमच्या बाईंचा नियम.

गेल्या आठवड्यात माझ्या मोबाइलवर मेसेज आला. "मी पलूसची. नंबर बदललाय. बाईंची फार आठवण येते. फोन कर." मी सगळ्यांना जे सांगते तेच केलं, अनोळखी नंबर, उत्तर द्यायचं नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू! तुमच्याच नियमाने तिला दाराबाहेर उभं केलं. आज दुपारी पुन्हा आला. तेच शब्द, पुढे एवढंच: "अगं, दुसरी हाक हाय ही."

आता खात्री करायची ती उलटा फोन लावूनच, आणि नंबर नाही अशी सबबही मला नाही. मागे एकदा माझी एसटी पलूसला थांबली होती, तेव्हा तिच्या भावाच्या खताच्या दुकानाची पाटी खिडकीतून वाचली होती. त्यावरचा नंबर मला पाठ आहे. फोन कधी लावला नाही, पण विसरलेही नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते आमच्या दुकानातल्या कपाटात राहील. फोन मी लावणार आहे, पण तुम्हाला वाटेल तसं प्रेमाने नाही. तुमच्या शेवटच्या दुखण्यात ती पुण्याला तुमच्या उशापाशी होती आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही. मला तिला एवढंच विचारायचं आहे, की तेव्हा तुम्ही एकदा तरी माझं नाव घेतलंत का.